२^६४ − १ : एका वीस अंकी संख्येचे गुणधर्म कागदावर कसे काढावेत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ ही संख्या मूळ आहे की संयुक्त, तिचे विभाजक किती, ती वर्गसंख्या किंवा त्रिकोणी संख्या (१ + २ + ३ + … अशी ओळीने केलेली बेरीज) आहे का, ती दोन किंवा तीन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येईल का, आणि हे सारे संगणकावर विसंबून न राहता तपासता येईल का? प्रश्नकर्त्याने ही संख्या एका साध्या प्रोग्रॅमला दिली तेव्हा ती सम असून तिला केवळ २ या एकाच मूळ संख्येने भाग जातो, असे उत्तर मिळाले आणि त्यामुळे गोंधळ वाढला. शेवटी, हीच पद्धत २^६४ + १ या संख्येला लागू पडेल का, असेही विचारले आहे. (घात दाखवण्यासाठी मी सर्वत्र ^ हे चिन्ह वापरतो, २^६४ म्हणजे २ चा ६४ वा घात.)

प्रथम त्या चुकीच्या उत्तराविषयी लिहितो, कारण अशी चूक मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत आणि माझ्या स्वतःच्या टिपणांतही पाहिली आहे. संख्येचा शेवटचा अंक ५ आहे, म्हणजे ती विषम आहे, हे शाळकरी मूलही सांगेल. तरीही यंत्र तिला सम म्हणते, कारण दशांश अपूर्णांकांसाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या साठवणीत केवळ ५३ द्विमान अंकांची (म्हणजे ० आणि १ या दोनच अंकांनी लिहिलेल्या रूपातल्या अंकांची) अचूकता असते. आपली संख्या द्विमान पद्धतीत लिहिली तर ओळीने ६४ एक येतात. ते ५३ अंकांत मावत नाहीत, म्हणून यंत्र सर्वांत जवळची मावणारी संख्या घेते आणि ती संख्या नेमकी २^६४ असते. फरक फक्त १ चा पडला, पण सात विषम मूळ अवयव असलेल्या संख्येच्या जागी २ चा निव्वळ घात येऊन बसला. मोजमापाच्या कामात वीस अंकी संख्येतला १ चा फरक कोणी विचारात घेणार नाही. विभाज्यतेच्या कामात मात्र तो फरक म्हणजे वेगळीच संख्या असते. म्हणून असे काम करताना पूर्णांक अचूक ठेवणारी साठवण वापरावी आणि शेवटचा अंक कागदावरच्या अंकाशी जुळतो की नाही, हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहावे.

आता मुख्य कामाकडे वळू. मोठी संख्या समोर आली की बहुतेक जण तिच्या अंकांवर कसोट्या लावायला सुरुवात करतात. त्या लावाव्यातच, कारण त्या स्वस्त आहेत. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८७ येते. ८७ ला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही, म्हणून संख्येत ३ हा अवयव एकदाच आहे. शेवटचे दोन अंक १५ आहेत, म्हणून ५ ने भाग जातो आणि २५ ने जात नाही. एकाआड एक अंकांच्या बेरजांमधला फरक ३७ येतो, म्हणून ११ ने भाग जात नाही. पण या वाटेने आपण फार लांब जाऊ शकत नाही. संख्येचे वर्गमूळ चार अब्जांच्या पुढे आहे आणि तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भाग देऊन पाहणे माणसाच्या आवाक्यातले नाही. मोठ्या संख्येचे खरे गुणधर्म तिच्या अंकांत नसतात, ती ज्या रूपातून आली त्या रूपात असतात, आणि ते रूप हाती लागले तर वीस अंकी संख्यासुद्धा एका कागदावर सुटते.

येथे रूप अगदी उघड आहे. ही संख्या २^६४ − १ आहे. बुद्धिबळाच्या पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, पुढच्यात दोन, त्यापुढे चार, असे ६४ घरे दुप्पट करत गेल्यावर मिळणारी एकूण दाण्यांची संख्या ती हीच. घातांक सम आहे, म्हणून दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र लागू पडते: २^६४ − १ = (२^३२ + १)(२^३२ − १). दुसऱ्या कंसाला तेच सूत्र पुन्हा लावता येते, आणि ६४ हा स्वतःच २ चा घात असल्यामुळे ही क्रिया शेवटपर्यंत चालते. हाती येतात ते सहा कंस: २ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १, २^१६ + १ आणि २^३२ + १. म्हणजे ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. द्विमान रूपातही हे दिसते: ६४ एकांची ओळ म्हणजे ३२ एकांचे दोन सारखे तुकडे शेजारी शेजारी ठेवलेले, आणि तशी मांडणी म्हणजे एका तुकड्याला २^३२ + १ ने गुणणे.

या सहा संख्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या नावावरून फर्माच्या संख्या म्हणून ओळखल्या जातात. २^(२^न) + १ या रूपाच्या सर्व संख्या मूळ असतील, असा फर्माने १६४० मध्ये अंदाज केला होता. पहिल्या पाच खरोखरच मूळ आहेत. सहावी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, मूळ नाही, हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवले. आपल्या प्रश्नातली सारी अडचण या एका कंसात साठलेली आहे, म्हणून तिथे सावकाश जाऊ.

समजा प ही मूळ संख्या २^३२ + १ ला निःशेष भागते. मग २^३२ ला प ने भागल्यावर −१ बाकी राहते (म्हणजे भाग पूर्ण जायला १ कमी पडतो) आणि वर्ग केल्यावर, म्हणजे २^६४ ची, बाकी १ येते. २ चे घात ओळीने घेत गेल्यावर १ ही बाकी प्रथम ज्या घातांकाला येते तो ६४ चा विभाजक असला पाहिजे. पण तो ३२ किंवा ३२ चा विभाजक असू शकत नाही, कारण तसे असते तर ३२ व्या घाताची बाकीही १ आली असती. म्हणून तो घातांक ६४ हाच. आता फर्माच्याच छोट्या प्रमेयानुसार २^(प−१) ची बाकी १ येते, म्हणून ६४ ने प − १ ला भाग गेलाच पाहिजे. म्हणजे प चे रूप ६४क + १ असते, येथे क हा कोणता तरी पूर्णांक. ऑयलरने हेच वापरले. १८७८ मध्ये ल्यूकाने यात आणखी एक पायरी घातली: अशा प ला ८ ने भागल्यावर १ उरतो, आणि तशा मूळ संख्येच्या बाबतीत २ ही बाकी कोणत्या तरी वर्गाची असते, त्या वर्गमूळाच्या घातांना १ ही बाकी प्रथम १२८ व्या घाताला येते, म्हणून प चे रूप १२८क + १ असेच असले पाहिजे.

ही पायरी किती काम वाचवते ते पाहा. १२८क + १ या रूपाच्या संख्या ओळीने लिहू: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांपैकी १२९ ला ३ ने, ३८५ ला ५ ने आणि ५१३ ला ३ ने भाग जातो, म्हणून त्या मूळ नाहीत. २५७ मूळ आहे, पण ती स्वतःच फर्माची संख्या आहे. फर्माच्या कोणत्याही दोन संख्या सहमूळ असतात, म्हणजे १ सोडून त्यांना सामाईक विभाजक नसतो: लहान संख्यांचा गुणाकार नेहमी पुढच्या संख्येपेक्षा २ ने कमी असतो, त्यामुळे सामाईक विभाजक असलाच तर तो २ ला भागणारा हवा आणि या सर्व संख्या तर विषम आहेत. म्हणजे भागाकार करून पाहण्याजोगी पहिलीच संख्या ६४१ उरते, आणि तिने भाग जातो.

हा भागाकारही प्रत्यक्ष न करता खात्री पटवता येते, आणि ती रीत मला इतकी आवडते की मी ती प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहितो. ६४१ दोन प्रकारे लिहिता येते: ५ × २^७ + १ आणि ५^४ + २^४. पहिल्या रूपावरून ५ × २^७ ला ६४१ ने भागल्यावर बाकी −१ येते. चौथा घात केल्यावर ५^४ × २^२८ ची बाकी १ येते. दुसऱ्या रूपावरून ५^४ च्या जागी −२^४ घेता येतो. म्हणून −२^३२ ची बाकी १, अर्थात २^३२ + १ ची बाकी शून्य. तरीही ताळा करून घ्यावा: ६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७.

आता ६७,००,४१७ मूळ आहे का, हे पाहिले पाहिजे, आणि नेमकी हीच पायरी पुष्कळदा राहून जाते. अवयव सापडला म्हणजे काम संपले असे नाही; उरलेला भागही मूळ आहे हे सिद्ध होईपर्यंत विभाजकांची कोणतीही मोजणी खरी धरता येत नाही. या संख्येचे वर्गमूळ २,५८८ आणि २,५८९ यांच्या दरम्यान आहे. तिचा प्रत्येक मूळ अवयव २^३२ + १ चाही अवयव असणार, म्हणून तोही १२८क + १ याच रूपाचा असणार. २,५८८ पर्यंत या रूपाच्या मूळ संख्या पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. त्यांनी ६७,००,४१७ ला भागल्यावर अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ अशा बाक्या येतात. एकीनेही निःशेष भाग जात नाही, म्हणून ६७,००,४१७ मूळ आहे. सत्तर लाखांच्या जवळची संख्या पाच भागाकारांत मूळ ठरते, ती केवळ रूप माहीत असल्यामुळे.

६५,५३७ साठी तर एकच भागाकार पुरतो. तिचे अवयव ६४क + १ या रूपाचे असतात, वर्गमूळ २५६ च्या किंचित पुढे आहे, आणि तिथपर्यंतच्या ६५, १२९, १९३ यांपैकी मूळ संख्या फक्त १९३ आहे; तिने भागल्यावर बाकी ११० उरते. लहान तिघी-चौघींबद्दल वेगळे सांगायची गरज नाही. त्यामुळे पूर्ण उत्तर असे:

२^६४ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

सात वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. येथून पुढचे बरेचसे काम पाटीवरच्या हिशेबासारखे आहे. प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून विभाजक २^७, म्हणजे १२८. कोणताही अवयव दुबार येत नसल्यामुळे १ सोडून एकाही वर्गसंख्येने हिला भाग जात नाही, आणि ती स्वतः वर्ग, घन किंवा कोणताही मोठा घात नाही. सर्व विभाजकांची बेरीज या संख्येच्या सुमारे १.७०३४ पट येते; ही पट २ असती तर संख्या परिपूर्ण ठरली असती, २ पेक्षा कमी असल्यामुळे ती न्यून प्रकारात मोडते.

जाता जाता या विभाजकांतली एक सुंदर गोष्ट सांगतो. पहिल्या पाच फर्मा संख्यांपासून बनणारे विभाजक चढत्या क्रमाने लिहा: १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७ आणि पुढे. आता मेरुप्रस्तार, म्हणजे पास्कलचा त्रिकोण, मांडा, त्यातल्या विषम संख्यांच्या जागी १ व सम संख्यांच्या जागी ० लिहा आणि प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा. पहिल्या ३२ ओळींत हेच ३२ विभाजक याच क्रमाने येतात.

संख्येशी सहमूळ असलेल्या आणि तिच्याहून लहान अशा संख्या किती, हेही अवयवांवरून लगेच निघते: प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करून गुणाकार करायचा. पहिल्या पाच फर्मा संख्यांतून १ वजा केल्यावर २, ४, १६, २५६ आणि ६५,५३६ उरतात, आणि त्यांचा गुणाकार नेमका २^३१ आहे. उरलेले ६४० × ६७,००,४१६ त्याला गुणले की ९२,०८,९८,१६,२८,६७,०४,४३,५२० ही संख्या मिळते, म्हणजे आपल्या संख्येच्या निम्म्याहून किंचित कमी. याच ठिकाणी भूमितीचा धागा जुळतो. सतरा भुजांची सुसम बहुभुजाकृती केवळ पट्टी आणि कंपासने काढता येते, हे गाऊसने १७९६ मध्ये शोधले. विषम भुजांच्या सुसम बहुभुजाकृतीबाबत सर्वसाधारण अट अशी की भुजांची संख्या ही वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. ही अट आवश्यकच आहे, याची सिद्धता वांत्झेलने १८३७ मध्ये दिली. म्हणून ४,२९,४९,६७,२९५ भुजांची आकृती तत्त्वतः काढता येते, पण २^६४ − १ भुजांची नाही; तिचा ६४१ हा अवयव फर्माची संख्या नाही, कारण त्यातून १ वजा केल्यावर २ चा निव्वळ घात उरत नाही, ६४० मधला ५ हा अवयव आडवा येतो.

त्याहून उपयोगाची संख्या म्हणजे ज्या एकाच घातांकाला सर्व सहमूळ संख्यांची बाकी १ येते असा सर्वांत लहान घातांक. तो गुणाकाराने नव्हे, तर १ वजा केलेल्या अवयवांच्या लसावीने मिळतो. ६४० = २^७ × ५, ६७,००,४१६ = २^७ × ३ × १७,४४९, आणि बाकीचे सारे २ चे घात. लसावी २^१६ × ३ × ५ × १७,४४९ = १७,१५,३०,६४,९६०. एकोणीस अंकी संख्येच्या जागी अकरा अंकी संख्या आली. २ चे घात सगळीकडे सामाईक असल्यामुळे गुणाकार आणि लसावी यांत एवढी तफावत पडते, आणि हे दोन आकडे एकच समजण्याची चूक फार सर्रास होते.

वर्गांच्या बेरजेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. द्विमान रूपातले शेवटचे तिन्ही अंक १ आहेत, म्हणून ८ ने भागल्यावर बाकी ७ उरते. कोणत्याही वर्गाला ८ ने भागल्यावर ०, १ किंवा ४ हीच बाकी येते, आणि यांपैकी तिघांची बेरीज करून ७ कधीच मिळत नाही. म्हणून ही संख्या दोन तर नाहीच, तीन वर्गांचीही बेरीज होऊ शकत नाही. चार वर्ग मात्र नक्की पुरतात, कारण लाग्रांजने १७७० मध्ये प्रत्येक धन पूर्णांकासाठी ते सिद्ध केले आहे.

त्रिकोणी संख्येचा प्रश्न मात्र मला सर्वांत मोलाचा वाटला. एखादी संख्या त्रिकोणी असते तेव्हा तिच्या आठपटीत १ मिळवल्यावर पूर्ण वर्ग मिळतो. येथे आठपट अधिक एक म्हणजे २^६७ − ७. तर प्रश्न उरतो, २^६७ − ७ हा वर्ग आहे का? २ चा घात वजा ७ हा वर्ग केव्हा होतो, हा प्रश्न रामानुजन यांनी १९१३ मध्ये मांडला होता. ३, ४, ५, ७ आणि १५ या घातांकांना तो होतो, आणि इतर कोणत्याही घातांकाला होत नाही, हे नागेल यांनी १९४८ मध्ये सिद्ध केले. ६७ त्या यादीत नाही, म्हणून आपली संख्या त्रिकोणी नाही. ज्यांना एवढ्या मोठ्या प्रमेयावर विसंबायचे नसेल, त्यांच्यासाठी १९ ने भागून पाहण्याची साधी रीत आहे. २^९ ची १९ ने बाकी −१ येते, म्हणून २^१८ ची १. ६७ मधून ५४ वजा केल्यावर १३ उरतात, आणि २^१३ ची बाकी ३ येते. म्हणून २^६७ − ७ ची बाकी −४, म्हणजे १५. पण वर्गांना १९ ने भागल्यावर ०, १, ४, ५, ६, ७, ९, ११, १६, १७ याच बाक्या येतात. त्यांत १५ नाही. एवढ्यावर निकाल लागतो.

मूळपणाच्या झटपट चाचणीबद्दल एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. पाया २ घेऊन फर्माची चाचणी केली, म्हणजे २ चा, संख्येपेक्षा १ ने लहान असलेला घात घेऊन त्याची त्या संख्येने बाकी १ येते का हे पाहिले, तर २^६४ − १ लगेच संयुक्त ठरते. पण तिचाच अवयव २^३२ + १ या चाचणीत बिनदिक्कत पार होतो: २^६४ ची बाकी १ येते, २^३२ ला ६४ ने निःशेष भाग जातो, म्हणून चाचणीला हवी असलेली बाकी १ मिळते आणि तरीही संख्या संयुक्तच असते. पाया ३ घेतला तर ती पकडली जाते. ज्या संख्येचे रूपच २ च्या घातांवर उभे आहे, तिला पाया २ ने तपासून निर्धास्त होऊ नये.

राहिला २^६४ + १ चा प्रश्न. ही संख्या आपल्या संख्येपेक्षा फक्त २ ने मोठी आहे, आणि खाली ५८ ने कमी असलेली १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,५५७ ही तर मूळ संख्या आहे. तिन्ही वीस अंकी, सुरुवातीचे सतरा अंक सारखे, आणि स्वभाव तीन वेगवेगळे. २^६४ + १ ला वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र लागत नाही, त्यामुळे सहा कंसांची सोय तिथे नाही; पण अवयवांच्या रूपाची अट तिथेही तशीच लागू पडते, फक्त १२८ च्या जागी २५६ येतात. म्हणजे २५६क + १ या रूपाच्या मूळ संख्या ओळीने तपासत जायचे, आणि यश येते ते क = १,०७१ ला, २,७४,१७७ या अवयवापाशी. उरलेला अवयव ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ आहे. तो मूळ असल्याची खात्री याच रीतीने करायची तर क सुमारे ३२,००० पर्यंत न्यावा लागतो, म्हणून त्या पायरीसाठी मी संगणकच घेईन, पूर्णांक अचूक ठेवणारा.